भय काढण्याचा बार

बार झाला तेव्हा मी मागच्या परसात दोरीवर जुईची दुपटी वाळत घालत होते. वारा अजिबात नव्हता. तरी दोरीवरची सगळी दुपटी एकदम माझ्याकडे उडाली आणि माझ्या गालावर कुणीतरी उघड्या हातानं मारावं तसं झालं. हातातला चिमटा कुठे पडला ते कळलं नाही. पडवीत पाळण्यात जुई होती. आधी काहीच आवाज आला नाही. त्या दोन-तीन क्षणांत मी परसातून पडवीत कशी पोचले ते आजही मला सांगता यायचं नाही. तिचं तोंड उघडं होतं, चेहरा लालभडक, आणि श्वास आत अडकलेला. मग टाहो फुटला. मी तिला उचललं आणि मगच मला श्वास आला.

"काय झाला गो?" बागेच्या कडेवरून आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, विश्राम गवस. त्यांच्या हातात एकनळी बाराबोर होती आणि तोंडभर हसू. तसं हसू त्यांच्या तोंडावर चार महिन्यांत मी पाहिलं नव्हतं.

"घाबरली ती," मी म्हटलं.

"घाबरतलीच. आवाज आयकलो ना." ते माझ्या दिराकडे वळले. "गुरू, खरा सांगू? कळलाच नाय रे!" आणि त्यांनी उजव्या खांद्यावर दोनदा थाप मारून दाखवली.

सगळं त्या खांद्यापायी होतं. ज्येष्ठात आप्पा पोफळीवरून पडले आणि त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण बंदुकीचा दणका या खांद्याला यापुढे नको, असं डॉक्टरांनी बजावलं. बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, आप्पांच्या आजोबांपासूनची. ती खुंटीला लटकली आणि माकडांना जणू कुणीतरी निरोप धाडला. केळीचे घड गेले, कोवळे नारळ गेले. सगळ्यात वाईट म्हणजे आप्पा पडवीत बसून ते नुसते बघत राहायचे.

गुरुनाथ भाऊजी पलीकडे गोव्यात एका कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांना बापाचं ते बसणं बघवेना. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, डोकं चालवलं, आणि नवरात्रात सुट्टीवर येताना एका फडक्यात गुंडाळून एक पोलादी टोपी आणली. वीतभर लांबीची, दोन्ही बाजूंना तिरकी भोकं पाडलेली. नळीच्या तोंडावर ती घट्ट बसली. भाऊजी तिला 'ब्रेक' म्हणायचे, आप्पा 'भोकांचं बोंडूक'.

"परवान्यात लिवलेला आसा काय ह्या?" आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"चष्मो लावलो म्हणान कोण आधार कार्ड बदलता?" आप्पा म्हणाले होते. 

आता भाऊजी नळीत डोकावत होते. "आवाज कसो वाटलो, आप्पा?"

"तसोच. पयल्यासारखो."

"माकाव तसोच वाटलो."

"नाही हो," मी म्हटलं. "खूप मोठा होता. कानाला चापट बसल्यासारखा. दुपटी उडाली सगळी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजी हसले. "वैनी, तुमी घाटावरची माणसा. फटाक्याकव दचकतात."

मी कोल्हापूरची. या घरात येऊन तीन वर्षं झाली होती तरी मी घाटावरचीच. आणि दचकते हे खरंच होतं. जुई झाल्यापासून तर जास्तच. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. त्यामुळे माझ्या म्हणण्याला या घरात फारसं वजन राहिलं नव्हतं.

"दसऱ्याक बार मीच काढतलंय," आप्पा म्हणाले. "आणि जुईचा भय काढूया."

मी जुईला थोपटत होते. माझा हात थांबला.

भय काढणं ही आमच्या कुंभवळ गावच्या गवसांची रीत. घरात मूल झालं की त्याच्या पहिल्या दसऱ्याला, बंदुकीची पूजा झाल्यावर, आजा घरापुढच्या खळ्यात उभा राहून आभाळात बार काढतो. त्याच्या उजव्या अंगाला, कारण उजवी बाजू मानाची, चुलता मुलाला घेऊन उभा राहतो आणि मुलाचा हात बंदुकीच्या लाकडाला लावून धरतो. त्या आवाजानं मुलाचं भय निघून जातं. पुढे ते विजेला, अंधाराला, कशालाच घाबरत नाही. नळीच्या पुढ्यात कधी जायचं नाही, बाजूला उभं राहायचं, हेही मूल त्याच दिवशी शिकतं, असं आप्पा सांगायचे. ही रीत फक्त मुलग्यांसाठी होती. मे महिन्यात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फणकाऱ्यानं विचारलं होतं, "का? मुलींना भय नसतं वाटतं?"

 आप्पा ते विसरले नव्हते.

"तूच इचारलंस ना मगे," ते आता मला म्हणाले. आवाजात केवढी माया. "तुझा म्हणणा बरोबर होता. गवसांच्या घरात भय काढलेला पयला चेडू आमचा जुई."



---

संध्याकाळी भाऊजी पायरीवर बसून नळी पुशीत होते. मी जुईला कडेवर घेऊन शेजारी जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, या ब्रेकनं दणका कमी कसा होतो?"

असं कुणी विचारलं की त्यांना आवडायचं. "सोपा आसा. गोळी भायर पडता तेव्हा तिच्या पाठसून जाळ आणि वारो सुटता. तो समोर गेलो की बंदूक मागे येता, खांद्यार. आता ह्या भोकांतसून तो बाजूक जाता. थोडो तर मागेच वळता. म्हणान बंदूक जाग्यार ऱ्हवता."

"म्हणजे जो पुढे जायचा तो धमाका बाजूला येतो."

"येता थोडो."

"आणि बाजूला कोण असतं?"

"कोण नसता. माकडा मारताना कोण ऱ्हवतला बाजूक?"

"दसऱ्याला?"

त्यांचा पुसणारा हात हळू झाला. पण मान वर झाली नाही.

"वैनी, आप्पांचा भय ह्याच बंदुकीन काढला. दादाचा काढला. माझा काढला. काय झाला आमका?" दादा म्हणजे माझा परदेशात असलेला नवरा.

"तेव्हा ही टोपी नव्हती."

"एक बार तो. येका बारान काय जाता?"

"मला माहीत नाही काय जातं. म्हणूनच विचारते." माझा आवाज चिरका झाला. जुईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दहा हातांवर माझा कान अजून वाजतोय, भाऊजी. ती हातभरावर असणार. वर्षाचीसुद्धा नाही ती."

भाऊजींनी फडकं पायरीवर ठेवलं. मग म्हणाले, "बरा. त्या दिवसा मी ह्या काढून ठेवतंय. येक बार साध्या नळीन सोसात आप्पांक. उशी बांधूया खांद्यार."

"नक्की?"

"तुमची शपथ."

मी आत आले. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी वाढायला मी होते. भाऊजींच्या डाव्या हाताला वाकून विचारलं, "आमटी?" उत्तर नाही. मी पळीभर वाढली. त्यांनी दचकून वाटीवर हात आडवा धरला आणि आमटी मनगटावर सांडली.

"वैनी, इचारूक तरी व्हया!"

"विचारलं की."

"गवसांचे पुरुष पानार बसले की भैरे होतत," आई हसून म्हणाल्या. हा या घरातला जुना विनोद. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत माझी मावशी म्हणाली होती, की तुझ्या सासरची माणसं जेवताना नको म्हणत नाहीत, भरपूर जेवतात.

आईंनी कढीचं पातेलं उचललं. पंगतीच्या मागून वळसा घालून त्या भाऊजींच्या उजव्या बाजूला गेल्या. तिथून विचारणं किती अडचणीचं होतं. मधे खांब होता. त्या खांबाला टेकून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कढी?"

"नको," भाऊजी म्हणाले.

मी भाताचं भांडं घेऊन आप्पांच्या डावीकडे गेले. "आप्पा, भात?" ते समोर बघत जेवत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग उठून त्यांच्या उजवीकडे गेले आणि आईंइतक्याच हलक्या आवाजात म्हटलं, "भात?"

"चमचाभर घाल."

मी भात वाढला तो त्यांच्याकडे बघतच. शितं पाटावर सांडली.

जेवणं झाल्यावर मी आईंना चुलीपाशी गाठलं. "आई, आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

"वय झाला. होतला तसा."

"भाऊजी तीस वर्षांचे आहेत."

त्या उद्याच्या तांदळातले खडे वेचत होत्या. बोटं थांबली नाहीत. "सणाच्या तोंडार असल्यो गजाली नको गो," त्या म्हणाल्या. "झालो ना गुरू तयार? काढता म्हणालो ना बोंडूक? मगे गप ऱ्हव."

म्हणजे आमचं पायरीवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांचे दोन्ही कान शाबूत होते.

---

दसऱ्याला दुपारी खळ्यात वाडीतली वीस-पंचवीस माणसं जमली. खळं शेणानं सारवलेलं, मधे पाट, पाटाभोवती रांगोळी. बंदुकीची पूजा झाली होती. झेंडूची जाडजूड माळ तिच्या नळीला तोंडापासून गुंडाळलेली. बाबलो घाडी ढोल गळ्यात घालून उभा होता. आप्पांनी पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती. उजव्या खांद्यावर सदऱ्याखाली उशी दिसते का ते मी पाहिलं. खांदा सपाट होता.

भाऊजी आले आणि त्यांनी माझ्याकडे हात पसरले. "वैनी, द्या."

"काढलंत ना?" मी विचारलं.

ढोल सुरू झाला होता. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की ऐकू येत नाही म्हणून, ते मला कळलं नाही. जुई हसत त्यांच्याकडे झेपावली. काका म्हणजे तिचा जीव की प्राण. रीतीप्रमाणे मी बायकांच्या घोळक्यात, आप्पांच्या डाव्या अंगाला, वीसेक हातांवर जाऊन उभी राहिले. भाऊजी जुईला घेऊन पलीकडे गेले.

आप्पांनी बंदुकीला नमस्कार केला. मग त्यांनी नळीवरची माळ सोडायला सुरुवात केली. एक वेढा. दुसरा वेढा. मी नळीच्या टोकाकडे बघत होते. शेवटचा वेढा सुटला आणि उन्हात ती भोकं चमकली.

मला आधी वाटलं, मी चुकीचं बघतेय. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं जुईच्या कानाकडे बोट दाखवलं. कानात कापसाचे बोळे होते. नंतर कळलं ते असं: सकाळी ते बोंडूक काढायला गेले, आप्पांनी हात धरला. लोकांसमोर खांदा दुखून तोंड वाकडं झालं तर काय, म्हणाले. भाऊजींना बापाला नाही म्हणता आलं नाही. मग त्यांनी समईजवळचा कापूस घेतला.

कापूस! पाळण्यातून पडायची भीती म्हणून खाली कागद पसरावा तसा.

"भाऊजी!" मी हाक मारली.

आप्पांनी काडतूस भरलं. बंदूक खट्कन मिटली. भाऊजी जुईला घेऊन एक पाऊल जवळ सरकले आणि तिचा इवलासा तळवा त्यांनी बंदुकीच्या लाकडावर ठेवला. जुईचा डावा कान नळीकडे होता. तिनं मोकळा हात वर नेला, कानात काहीतरी टोचत असावं, आणि त्या डाव्या कानातला बोळा उपसून काढला. त्याच्याकडे नवलानं पाहिलं. मग तोंडात घातला.

"भाऊजी! कापूस! आप्पा, थांबा!"

ढोल वाजत होता. शेजारची बाई माझा दंड धरून म्हणाली, "गप गो, असा ओरडूचा नसता." मी आणखी मोठ्यानं ओरडले. दोघेही माझ्याकडे डावी बाजू करून उभे होते. आप्पांचा गालसुद्धा हलला नाही. भाऊजी नळीच्या टोकाकडे बघत होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जन्मभर तिथून ओरडत राहिले असते तरी काही उपयोग नव्हता.

आप्पांनी नळी वर केली.

पळत पलीकडे जाऊन जुईला ओढून घ्यायला वेळ नव्हता. मधे बाबलो होता, पाट होता, रांगोळी होती. मी सरळ पुढे पळाले. ढोलाला धक्का मारून आप्पांच्या समोर, नळीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात वर करून.

त्या घरात कुत्रंसुद्धा नळीच्या पुढ्यात जात नाही. आप्पांचं बोट झटक्यात सुटलं, नळी आभाळाकडे गेली, बंदूक उघडली आणि काडतूस सारवणावर टप्पकन पडलं. ढोल थांबला.

"मराचा आसा?" आप्पा ओरडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या हातान मराचा आसा तुका? माझ्या हातान?"

बाबलो घाडीनं टिपरू ढोलावर टेकलं. "विश्राम, आज भय पोराचा काढूचा की आवशीचा?"

आवस म्हणजे आई. काही जण हसले. मी भाऊजींकडे जाऊन जुईला घेतलं. तिच्या तोंडात बोट घालून कापूस काढला. मग आप्पांच्या उजवीकडे गेले, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हटलं, "आप्पा, मी तीन वेळा हाक मारली. तुम्हाला ऐकू आली नाही."

"ढोल होतो."

"ढोलामुळे नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, बार काढा," मी म्हटलं. "घराचा मान आहे, मी नको म्हणत नाही. पण त्या जागेवर जुई नाही. तिथे दुसरं काहीही ठेवा आणि काढा. त्याचं काही झालं नाही तर मी स्वतः तिला तुमच्या हातात देईन, दुसरा बार काढा."

"वाडीसमोर परीक्षा घेतंस माझी?"

"तुमची नाही. त्या भोकांची."

 सुनेनं सासऱ्याशी वाडीसमोर असं बोलणं कुंभवळमध्ये तोवर झालं नव्हतं.  मी जुईला घट्ट धरलं.

तेवढ्यात आई पुढे आल्या. त्यांच्या हातात पूजेचं तबक होतं. त्यात वाटायला ठेवलेलं सोनं, आपट्याच्या पानांची रास, आणि मधोमध पेटलेलं निरांजन. त्यांनी पाट ओढून आप्पांच्या उजव्या अंगाला घेतला, त्यावर एक उलटी घागर ठेवली, घागरीवर तबक. भाऊजींच्या हातावर जुईचं डोकं जिथे होतं, बरोबर त्याखाली, म्हणजे नळीपासून उलट लांबच.  नंतर माझा हात धरून मला त्यांनी आप्पांच्या मागे लांब नेलं, गोठ्याच्या भिंतीपर्यंत, आणि जुईचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी गच्च दाबून धरले.

आप्पांनी काडतूस उचललं. फुंकर मारली. भरलं.

बार झाला.

निरांजन विझलं नाही, ते तबकातून उडालं. सोन्याची पानं गुलाल उधळावा तशी उजवीकडे फेकली गेली. तुळशीपर्यंत, बाबल्याच्या ढोलावर, पुरुषांच्या डोक्यांवर. खळ्यातल्या रांगोळीत एक पट्टा असा स्वच्छ झाला होता की तिथे केरसुणी फिरवली असावी. तबक दोन फेऱ्या गरगरून पालथं पडलं.

आप्पा ते सगळं बघत होते. मग, सवयीनं असावं, ते भाऊजींकडे वळले. "आवाज कसो होतो रे?"

"तसोच, आप्पा," भाऊजी म्हणाले. त्यांची नजर अजून पाटावर होती. "पयल्यासारखो."

आप्पांनी मान वर केली आणि खळ्यावरून नजर फिरवली. वीस-पंचवीस माणसं उभी होती. म्हातारी, पोरं, बाया, बाबलो घाडी. सगळ्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले होते. कुणी डोळे मिटले होते, कुणाचे दात आवळलेले. अख्ख्या खळ्यात फक्त दोघांचे हात खाली होते.

आप्पांनी भाऊजींच्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या.

 त्यांनी बंदूक उघडून काखेत घेतली आणि आईंना विचारलं, सगळ्यांसमोर, "माका कधीपासून आयकाक येत नाय?"

"मी लगीन करून इलय तेव्हापासून," आई म्हणाल्या.

"आणि सांगलंस नाय कधी?"

"सांगलंय की. कितीदा." आईंचा आवाज जरासुद्धा वर गेला नाही. "तुमी आयकलास नाय."

कुणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. आप्पा घागर बाजूला करून पाटावर बसले. भाऊजी त्यांच्याजवळ गेले आणि बंदूक घ्यायला हात पुढे करून म्हणाले, "मी काढून टाकतंय ता बोंडूक. फेकून देतंय वझऱ्याच्या पाण्यात."

"कित्याक?" आप्पा म्हणाले. "खांद्याक बरा आसा ता. माकडा खावन जातत." त्यांनी मान वर करून वाडीकडे पाहिलं. "पण आजपासून माझ्या बाजूक कोण उभा ऱ्हवाचा नाय. उजव्या नाय, डाव्या नाय. आणि भय काढूचा बंद. ज्याचा भय त्येच्याकडे ऱ्हवांदे."

त्यांनी हात पुढे केले, जुईसाठी. मी दिली. ते तिच्या कानाशी बोट चोळून बघत होते. ती आवाजाकडे वळते का ते. डावीकडे चोळलं, ती डावीकडे वळली. उजवीकडे चोळलं, उजवीकडे. पुन्हा डावीकडे. तिला तो खेळ वाटला. ती खदखदून हसायला लागली आणि आप्पा रडायला.

---

दिवेलागणीला दयानंदचा फोन आला. माझा नवरा मस्कतला एका हॉटेलात होता, जुई दोन महिन्यांची असताना गेलेला. दसऱ्याच्या शुभेच्छा, जेवण काय केलं, आप्पांचा बार झाला का, सगळं एका दमात विचारून झालं. मी काहीच सांगितलं नाही. दिवसभराच्या दगदगीनं जुई किरकिरी झाली होती आणि माझ्या मांडीवर हातपाय झाडत, कानठळ्या बसतील अशी भोकाड पसरून रडत होती.

"एक करशील?" मी म्हटलं. "फोन डाव्या कानाला लाव."

"का गं?"

"लाव ना."

मी फोन जुईच्या तोंडाजवळ धरला. अगदी ओठांशी. ती सगळा जीव एकवटून रडत होती. पडवीतून आई उठून आत आल्या. मी फोन तसाच धरून मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग माझ्या कानाला लावला.

"हॅलो?" दयानंद म्हणत होता. "काहीतरी घुमल्यासारखं येतंय नुसतं. जुई कुठाय? झोपली वाटतं?"

आई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"नाही झोपली," मी म्हटलं. "फोन उजव्या कानाला घे. सांगते."